सात नंबरचा सत्कार

पूंगोडी पंपाच्या मोटरी भरायची. कोइमतूरला अविनाशी रस्त्याच्या आतल्या अंगाला असलेल्या त्या कारखान्यात चौदा वर्षं तिनं तेच काम केलं. केसाएवढी बारीक तार खाचेत बसवायची, बांबूच्या पट्टीनं दाबायची, एकाही वेढ्यावर ओरखडा पडू द्यायचा नाही. ओरखडा पडला की मोटर आज ना उद्या जळणार. तिच्या हातची मोटर जळून परत आली, असं कधी झालं नव्हतं.

पण कारखान्याच्या कागदावर पूंगोडी मोटर भरतच नव्हती. कागदावर ती हेल्पर होती. मोटर भरणारा तो वाइंडर, आणि वाइंडर म्हणजे बाप्या माणूस, त्याला नंबर. काही वाइंडरांच्या हाताखाली दोन-दोन बायका, त्यांना नंबर नाही. भरलेल्या प्रत्येक मोटरीला चिठ्ठी लागायची, तिच्यावर वाइंडरचा नंबर. पूंगोडी आणि मरगदम दोघी आरुच्चामीअण्णांच्या हाताखाली, म्हणून त्यांच्या चिठ्ठीवर सात.

आरुच्चामीअण्णा पोंगलच्या सुमारास निवृत्त झाले, त्याला दोन वर्षं होत आली होती. त्यांच्या जागी कुणाला घेतलं नाही. घ्यायची गरजच काय? दोघी बायका भरतच होत्या. चिठ्ठ्या मात्र सात नंबरच्याच छापून यायच्या.

आयुधपूजेच्या चार दिवस आधी मॅनेजर दंडपाणी पूंगोडीच्या टेबलापाशी आले.

"ए पोरी, बाहेरच्या देशातले पाहुणे येतायत, आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांनी वर्षभराच्या मोटरी तपासल्या. सात नंबरची एकही परत आली नाही म्हणे. सत्कार करायचाय त्यांना."

पूंगोडी एक्केचाळीस वर्षांची होती. दंडपाणी तिच्याहून सहा वर्षांनी लहान. तरी ती 'पोरी'च. पण त्या क्षणी तिला त्याचं काही वाटलं नाही. आतून काहीतरी उचंबळून आलं.

"मग सर, आम्ही दोघींनी..."

"तुम्ही दोघींनी दारात रांगोळीचं कोलम काढायचं. चांगलं मोठं. आणि पाहुण्यांना चंदन-खडीसाखर द्यायला तू उभी राहा. ती निळी रेशमी साडी आहे ना तुझी, ती नेस. आरुच्चामीअण्णांना मी फोन केलाय."

मरगदमच्या हातातली पट्टी खाली पडली. साहेब गेल्यावर ती म्हणाली, "अक्का, मी ऐकलं ते खरंच का गं? ते म्हातारं घरी बसून मोटरी भरतंय होय?"

पूजेच्या दिवशी सगळ्या यंत्रांना गंध-फुलं वाहिली, चुरमुरे वाटले. आरुच्चामीअण्णा पांढरी शुभ्र वेष्टी नेसून आले. पूंगोडी तबक घेऊन दारात उभी होती. तिला बघून त्यांनी मान खाली घातली.

"पूंगोडी, मी नको म्हणालो होतो. साहेब म्हणाले, फोटोपुरतं या."

"या की अण्णा. फोटोत तुमचे हातही येऊ द्या. दोन वर्षांत तारेला लागले नाहीत, ओळख तरी पटेल."

"असं बोलू नको गं. मीच शिकवलंय ना तुला?"

"शिकवलंत, ते मी कधी नाकारलं नाही. पण शिकवणाऱ्यानं दोन वर्षांनी येऊन शिकलेलीच्या कामाची शाल पांघरायची, हे कुठलं शास्त्र?"

अण्णा आत गेले.

शाल झाली, समई दिली, टाळ्या झाल्या. इथवर पूंगोडीनं दातांवर दात धरून सोसलं. मग पाहुण्यांनी काहीतरी विचारलं. दंडपाणी जरा चुळबुळले. पण गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सोय नव्हती. पाहुण्यांना सात नंबर काम करताना बघायचा होता.

सगळा घोळका टेबलाशी आला. अण्णा स्टुलावर बसले. तार घेतली, डोळे बारीक केले. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, हात थरथरत होते. तार खाचेच्या कडेला घासली, पुन्हा घासली. पाहुण्यांच्या हातातला कॅमेरा तसाच राहिला. दंडपाणींनी पूंगोडीकडे बघून भुवया उडवल्या. हो पुढे, सावर.

पूंगोडीनं तबक बाजूच्या टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"मदत कर की त्यांना!" दंडपाणी दबक्या आवाजात म्हणाले.

"नाही करत," ती मोठ्यानं म्हणाली. "सर, यांना सांगा, अण्णांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. ज्या मोटरी यांना आवडल्या त्या मी आणि मरगदमनं भरल्यात. सात नंबर आम्ही आहोत. सांगा त्यांना."

दंडपाणी हसले. पाहुण्यांकडे वळून गोड आवाजात इंग्रजीत काहीतरी बोलले. पूंगोडी आठवीपर्यंत शिकलेली. तिला त्यातला एकच शब्द कळला, कारण चौदा वर्षं तो तिच्या पगाराच्या कागदावर होता. हेल्पर. पाहुण्यांनी तिच्याकडे बघून कौतुकानं मान डोलावली आणि पुढे निघाले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अन्याय तर रोजचाच होता. पण तिचंच बोलणं तिच्या तोंडातून काढून घेऊन, त्याचं पायपुसणं करून तिच्यासमोर अंथरलं होतं.

सुट्टीनंतर कारखाना उघडला तेव्हा मोटर भरणाऱ्या सहा बायकांनी छापील चिठ्ठ्या सोडून कोऱ्या लावल्या. नंबर नाही म्हणून तपासणीवाल्यांनी मोटरी अडवल्या. तीन दिवसांत दोनशे मोटरी तुंबल्या. दंडपाणी धावत आले.

"बरं बाई, देतो नंबर. सात-अ, सात-ब. झालं?"

"आम्ही काय कुणाची शेपटं आहोत?" मरगदम म्हणाली.

पूंगोडीनं कामगार कार्यालयात अर्ज दिला. सहा महिने तारखा पडल्या. कंपनीचं म्हणणं, बायकांना जड मोटर उचलता येत नाही, म्हणून त्या वाइंडर नाहीत.

पूंगोडी उठून अधिकाऱ्यांसमोर उभी राहिली. "सर, उचलायला हमाल आहेत. बाप्ये वाइंडर तरी कुठं उचलतात? आणि आम्ही हेल्पर, तर दोन वर्षं मोटरी भरल्या कुणी? त्याचं नाव यांनीच सांगावं." ती दंडपाणींकडे बघत राहिली. दंडपाणींनी फाइल चाळायला घेतली.

आरुच्चामीअण्णांनाही साक्षीला बोलावलं होतं. ते आले नाहीत. प्रकृती बरी नाही, असा निरोप आला.

शेवटी तडजोडीचा कागद तयार झाला. सहाही जणी वाइंडर. मात्र आजच्या तारखेपासून. मागची वर्षं धरायची नाहीत. म्हणजे वाइंडरांच्या यादीत पूंगोडी तळाला. गेल्या वर्षी तिच्याच शेजारी बसून तार धरायला शिकलेला शबरीनाथनसुद्धा तिच्या वर. विभागप्रमुख व्हायला वाइंडर म्हणून दहा वर्षं लागतात. तोवर ती एक्कावन्न वर्षांची होणार होती.

"सही कर अक्का," मरगदम हळूच म्हणाली. "निदान नाव तरी लागलं. पुढचं पुढं बघू."

बाकीच्या पाच जणींनी सह्या केल्या. पूंगोडीनं त्यांना दोष दिला नाही. प्रत्येकीच्या घरात खाणारी तोंडं होती. तिनं पेन घेतला आणि अधिकाऱ्यांना विचारलं, "सर, सहीच्या वर काही लिहिलं तर चालतं?"

"लिहा की. तुमचा हक्क आहे."

तिनं सावकाश लिहिलं: 'चौदा वर्षांची मागणी सोडलेली नाही.' खाली सही केली.

दंडपाणींनी वाकून वाचलं. "एवढं मिळालं, तरी समाधान नाही का गं तुझं?"

"नाही," पूंगोडी म्हणाली. "आणि सर, मला 'अहो' म्हणायचं. आता मी वाइंडर आहे."

अधिकाऱ्यांनी त्या चौदा वर्षांच्या नव्या अर्जासाठी पुढच्या महिन्याची सतरा तारीख दिली. ती हातावर लिहून घेऊन ती बसच्या थांब्याकडे निघाली. राग तसूभरही उतरला नव्हता आणि तो उतरू द्यायचा तिचा विचारही नव्हता.