पाठीमागून आलेली हाक

थोरला हल्ली कुठलीही गोष्ट दोनदा विचारायचा, आणि मोठ्या बाईंना सगळ्यात जास्त चीड होती ती याचीच. गिऱ्हाईक म्हणालं तीन शर्ट, की हा म्हणणार, तीन ना? चहा झालाय म्हटलं, की झालाय ना? कानात बोळे घातलेत का, असं त्यांनी पोटच्या पोराला चारचौघांत सुनावलं होतं. चाळिशीला टेकलेला बाप्या, अर्ध्या लाँड्रीचा मालक, आणि वागणं पहिलीत बसवलेल्या पोरासारखं! त्यात गेले दोन महिने दर सोमवारी, लाँड्रीच्या सुट्टीला, हा कुठल्याशा मनाच्या डॉक्टरणीपुढे जाऊन बसायचा. ती म्हणे डोळ्यांसमोर दोन बोटं इकडून तिकडे हलवते, हा डोळ्यांनी त्यांच्यामागे जातो, आणि घरी येऊन विहीर खणून आल्यासारखा झोपतो. बोटंच बघायची तर माझी काय वाईट आहेत, मोठ्या बाई म्हणायच्या, चाळीस वर्षं कपडे पिळून तयार झालीत.

दुखणं कशाचं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दीड वर्षापूर्वी चादरी दाबायच्या मशीनमध्ये धाकटीचा, म्हणजे त्याच्या बहिणीचा, हात गेला. दोन तापलेले रूळ, त्यांच्यामधून ओली चादर जाते. एकानं चादर रुळांशी लावायची, दुसऱ्यानं समोर बटणापाशी थांबायचं, आणि लावणाऱ्यानं "हात मोकळे" अशी हाक दिल्याशिवाय बटण दाबायचं नाही. हा दंडक मोठ्या बाईंनीच घातलेला. त्या दिवशी थोरल्यानं बटण दाबलं तेव्हा धाकटीचे हात मोकळे नव्हते. दोन बोटांची पेरं गेली.

धाकटी सावरली. नखं कापायचा वेळ वाचतो, अशी थट्टासुद्धा करते. सावरला नाही तो हा. मी हाक ऐकली, असं तो त्या दिवशी परत परत सांगत होता. धाकटी म्हणाली, मी दिलीच नाही. आणि मोठ्या बाई म्हणाल्या, कुणीच दिली नाही, तुझे कान वाजले. तेव्हापासून त्यानं मशीनच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

त्या सोमवारी मोठ्या बाई त्याच्याबरोबर निघाल्या. बघू तरी ही बोटांची जादू, म्हणाल्या. थोरल्यानं डॉक्टरणीला विचारून ठेवलं होतं. कोपऱ्यात बसा, पण मध्ये बोलायचं नाही, असं तिनं बजावलं. मोठ्या बाईंना गप्प बसवणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. पण त्या डॉक्टर पोरीच्या कॉलरची इस्त्री चोख होती, म्हणून त्यांनी तिचं ऐकून घेतलं.

खोली साधीच. दोन खुर्च्या जवळजवळ, थोड्या तिरक्या. डॉक्टरीण म्हणाली, मागच्या वेळी थांबलो तिथून सुरू करू. त्या दिवशीचा बटणावरचा तुमचा अंगठा मनाच्या डोळ्यांपुढे आणा, आणि माझ्या बोटांकडे बघा. बोटं हलू लागली. थोरल्याचे डोळे त्यांच्याबरोबर डावीकडे गेले, उजवीकडे आले. बोटं थांबली की ती विचारायची, काय आलं? तो सांगायचा, वाफ. मग पुन्हा बोटं. काय आलं? खांदे दुखतायत. जे येईल ते येऊ द्या, म्हणायची ती, आणि पुन्हा हात उचलायची.

मोठ्या बाई हसायच्या बेतानं आल्या होत्या. पण पोराच्या कपाळावर घाम फुटला, तसं त्यांचं हसू राहूनच गेलं.

चौथ्या-पाचव्या खेपेला त्याचे डोळे बोटांवरून सुटले. हाक येतेय, तो म्हणाला. बाईचा आवाज आहे. पण तो पाठीमागून येतोय.

"धाकटी तर माझ्या समोर होती," तो म्हणाला. "म्हणजे माझं डोकंच फिरलंय, डॉक्टर. नसलेले आवाज ऐकतो मी. बंद करू हे. मी नाही यायचा आता."

आणि मांडीवर हात टाकून तो रडू लागला, आवाज न करता, लहानपणी रडायचा तसा.

रक्ताचा डाग गरम पाण्यात टाकायचा नाही, कायमचा बसतो, हे मोठ्या बाई कामाला येणाऱ्या नव्या बायकांना पहिल्याच दिवशी शिकवत. ओला आहे तोवर गार पाण्यानं सहज निघतो. त्या दिवशी या पोराचं काळीज ओलं होतं, आणि त्यांनी त्याच्यावर स्वतःच्या हातानं आधण ओतलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

त्या उठल्या. डॉक्टरणीनं त्यांना थांबवायला हात उचलला आणि त्यांचा चेहरा बघून खाली घेतला. मोठ्या बाईंनी खुर्ची ओढली, पोराच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या, आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे. हाक मी दिली होती. हॉटेलचा माणूस दारात खोळंबला होता, मला चादर सरळ लागलेली दिसली, आणि मी मागून ओरडले. धाकटी पलीकडे चादरीवर वाकलेली, वाफेच्या आवाजात तिला ते ऐकूच गेलं नाही. धाकटीचा नि माझा आवाज फोनवरसुद्धा कुणाला वेगळा कळत नाही. नंतर तिला तोंड दाखवायची हिंमत नव्हती, म्हणून तुला खोटं पाडलं. आता घरी गेल्यावर तिला मी सांगणार, तू मध्ये पडायचं नाहीस. तू बरोबर ऐकलंस, बाळा. दंडक तू पाळलास. मोडला तो मी."