तांबड्या खुणेचा दगड

महाळुंगे पडवळच्या भागुजीचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा स्वतःच्या संशयावर जास्त विश्वास. धाकट्या भावाचं, धर्माजीचं, शेत शेजारीच, मधे दगडांचा बांध. तो बांध दर वर्षी थोडा आपल्या रानात सरकतो आणि सरकवणारा धर्माजीच, हे त्यानं सात वर्षांपूर्वी ठरवून टाकलं. तेव्हापासून बोलणं बंद.

दोन हजार तीनच्या दिवाळीला मुलगा कपिल रजेवर आला. तो हिमाचलात बर्फ मोजणाऱ्या पथकाच्या गाडीवर ड्रायव्हर. त्यानं फोटो दाखवले. एकात उजाड दरीत दगडगोट्यांचा लांबलचक ढीग आडवा पडलेला.

"ह्यो बांध कुणी घातला?" भागुजीनं चष्मा पुसला.

"कुणी न्हाई, आबा. तिथं बर्फाची नदी व्हती. तिनंच दगड वाहून आणलं, आपल्याच कडंला टाकलं. आता बर्फ मागं हटला, ढीग ऱ्हायला."

"मागं हटला हे कुणी बघितलं?"

"आमी दरसाल बर्फाच्या कडंच्या खडकाव तांबडी खूण करतो. पुढच्या साली तिथनं मोजायचं."

बर्फाची गोष्ट भागुजीला थाप वाटली, खूण मात्र पटली. दुसऱ्याच दिवशी त्यानं बांधापासून हातभर अलीकडे, आपल्या रानात रुतलेल्या एका दगडाला तांबडा रंग फासला. आता चोर सापडणार होता.

एप्रिलात धर्माजीच्या लेकीचं, साक्षीचं, लग्न. पत्रिका आली, बायको द्रौपदा जाऊनही आली. भागुजी गेला नाही. गडबडीत धर्माजी कुणाकरवी बांध सरकवील म्हणून तो दिवसभर राखण करत बसला. मांडवातून त्रिसरणाचा आवाज आला तेव्हा त्याला रडू फुटायचंच बाकी होतं. पोरगी त्याच्याच खांद्यावर वाढलेली. तरी तो उठला नाही.

मेअखेरीला पाहतो तर खूण गायब. भागुजीला आनंदच झाला. दोन-तीन दिवस त्यानं तिथं पहारा केला, मग चार माणसांना जागा दाखवावी म्हणून तिथले दगड उपसायला घेतले, आणि खाली तांबडा रंग दिसला. खुणेचा दगड तसूभरही हलला नव्हता. त्याच्यावर पडले होते ते नांगरटीनंतर त्यानं आणि द्रौपदानं वेचलेले दगड. गेली तीस वर्षं रानातले दगड वेचायचे आणि आपल्या बाजूनं बांधावर ओतायचे, हेच चाललं होतं. बांध त्यानंच पाटीपाटीनं आपल्या रानात आणला होता.

लाजेनं त्याचे कान तापले.

"काय हुडकतुयास, दादा?"

बांधापलीकडे धर्माजी उभा होता. भागुजीनं सवयीनं आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. हातात पाण्याचा तांब्या होता.

"काय न्हाई," तो म्हणाला. मग हातातला दगड खाली ठेवून, "साक्षी माहेराला कदी यायची हाय रं?"

"येऊन गेली परवा. तुला भेटाया रानापतुर आली व्हती. तू हितं पहारा करीत बसल्याला दिसलास, तशीच माघारी फिरली."