पडद्यावरचा बळीराम

ओमप्रकाशशेठच्या नंदनवन भागातल्या मिरचीच्या गोदामात एक जुनी रीत होती. भिवापूरहून आलेली ओलसर मिरची मागच्या खोलीत हीटर लावून वाळवायची. ऊब जाऊ नये म्हणून दार बंद, आणि आत राखणीला बळीराम. बाहेरून जो कोणी जाईल त्यानं ओरडायचं, “बळीराम, हाय का गा?” आतून “हाव!” आलं की पुढे जायचं. नाही आलं, तर हातातलं टाकून दार उघडायचं. हीटरवर मिरची जळली तर तिचा धूर म्हणजे काही उदबत्तीचा धूर नव्हे बरं! तो माणसाला ओरडण्यापुरता श्वासही ठेवत नाही.

मग शेठचा मुलगा आयुष मिहानमधल्या कंपनीत कम्प्युटरच्या नोकरीला लागला, आणि त्याला या आरडाओरड्याची लाज वाटू लागली. त्यानं विक्रम नावाच्या ओळखीच्या माणसाकडून कॅमेरा आणि एक प्रोग्राम आणून बसवला. खोलीत धूर दिसला की प्रोग्राम भोंगा वाजवणार. “काका, आता हाका मारायचं काही काम नाही,” त्यानं बळीरामला सांगितलं. “मशीन जागी राहते.” झालं, हाक बंद पडली.

प्रोग्राम गुणी होता, पण भलता खादाड. पुढच्या दुकानात गल्ल्यावरच्या ज्या कम्प्युटरवर बिलं निघायची त्यावरच तो चाले, आणि प्रोसेसरचा सगळा वेळ एकटाच गिळून बसे. शनिवारी दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी आणि बिल काही निघेना. शेठनं फोन लावला. “आयुष, हे डबडं काहून अटकून राहिलं रे? लोकं परत जाऊन राहिले ना!”

आयुष मीटिंगला निघालेला. त्यानं मिहानमधूनच दुकानाच्या कम्प्युटरमध्ये शिरून प्रोग्रामच्या खाण्याला मर्यादा घातली. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या अशा! अशी मर्यादा दोन तऱ्हेची असते. एक सांगते, हळू खा बाबा, दुसऱ्यालाही उरू दे. दुसरी सांगते, एकूण एवढंच खायचं, ते संपलं की मर. आयुषला घालायची होती पहिली, घाईघाईत घातली दुसरी. बरं, घातल्यावर एकदा वळून तरी बघावं? तेही नाही.

थोड्या वेळानं शेठचा खुशीचा फोन आला, “वा रे पठ्ठ्या! बिलं कशी पटापट निघून राहिली!” निघणारच की! खादाड मेला होता. पण ते कळावं कोणाला? पडद्यावर कॅमेऱ्याचं शेवटचं चित्र तसंच चिकटून राहिलं होतं.

रविवारी सकाळी थंडी मोठी कडाक्याची होती. आयुष गल्ल्याशी शेठबरोबर चहा घेत बसला होता. आधी समोरच्या यमुताईंना ठसका लागला. मग रस्त्यावरचा भाजीवाला खोकायला लागला.

“शोभाताई, फोडणी जळली का वं?” यमुताईंनी माडीवरच्या शेठाणीला ओरडून विचारलं.

शेठचेही डोळे चुरचुरत होते. ते पुसत त्यांनी हसून पडद्याकडे बोट दाखवलं. “आपल्याकडचं नाही काही. हा पाह्य ना, बळीराम मजेत मिरची पालटून राहिला.”

आयुषनं पाहिलं. बळीराम मिरचीवर वाकलेला होता. अंगात निळा स्वेटर. आणि आज सकाळी तर आईनं त्याला नवा तांबडा स्वेटर दिला होता, आयुषच्या डोळ्यांदेखत त्यानं तो घातला होता.

आयुषनं कप तसाच टाकला. “बाबा, हे कालचं हाय!”

तो मागे धावला. दारावर दोन्ही हातांनी थापा मारत ओरडला, “बळीरामकाका, हाय का गा?” आतून काही आलं नाही. दार ढकललं तशी धुराची लाट अंगावर आली. तोंडाला ओला टॉवेल बांधून, डोळे मिटूनच तो आत घुसला आणि हाताला लागलेला स्वेटर धरून त्यानं बळीरामला फरफटत बाहेर काढलं. म्हातारा लाकडासारखा पडून होता.

जीव वाचला, देवाची कृपा. दुपारी दवाखान्यातून घरी चादर आणायला गेलेल्या आयुषनं गल्ल्यावरचा कम्प्युटर उघडला. तिथं एकच ओळ होती: दिलेला वेळ संपला, प्रोग्राम बंद केला. तारीख शनिवारची. आयुषनं काल घातलेली मर्यादा उघडून पाहिली, ती दुसऱ्या तऱ्हेची होती.

तो दवाखान्यात परतला तेव्हा खाटेच्या पायथ्याशी उभे राहून शेठ फोनवर विक्रमला झापत होते. “भामट्या! माणूस मेला असता माह्या घरी! असा प्रोग्राम देतात का?” चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

बळीरामनं तोंडावरचा मास्क बाजूला केला. घसा पार बसला होता. आयुषला जवळ बोलावून तो म्हणाला, “मले धूर थोडा थोडा येत होता, बेटा. पण भोंगा वाजला नाही ना. म्हटलं, तुही मशीन जागी हाय, म्हणजे काही नसंन. म्हणून पडून राहिलो.”

 लाजेनं आयुषची मान वर होईना, पण त्यानं तोंड उघडलं.

“बाबा, ठेवा तो फोन. विक्रमचा काही दोष नाही. मशीन मीच मारली. काल, बिलांसाठी.”

शेठचा फोन धरलेला हात खाली आला. बळीराम आयुषकडे बघत राहिला, मास्क तसाच हातात. फोनमधून विक्रम विचारत होता, “हॅलो, शेठ? शेठ, हाय का?” आणि तिथं कोणीच त्याला उत्तर देत नव्हतं.