“यात सगळं येतं ना?”

नारीन या आमच्या डोंगरी शहरात गाड्यांची नोंदणी होते, त्या आवाराच्या फाटकाशी एक पत्र्याचा डबा आहे. वर पाटी आहे: ‘गाडीचा विमा, पाच मिनिटांत’. डबा कंपनीचा, पण नऊ वर्षं त्यात बसून मी तो माझाच समजत आले. त्या पाच मिनिटांचा मला भारी तोरा होता. पुढे डबा उघडताना मी पाटीकडे बघेनाशी झाले.

विमे दोन. लहान विमा म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्या दुसऱ्याला भरपाई; तुमच्या स्वतःच्या गाडीचा चेंदामेंदा झाला तर तुमचं तुम्ही बघा. मोठ्या विम्यात आपली गाडीही येते. त्याला चारी बाजूंनी फोटो, सांगाड्यावरचा नंबर, तीन पानी अर्ज, चाळीस मिनिटं. हे समजावून सांगायला मला अर्धं मिनिट लागतं. मुकाश अतांना मी ते अर्धं मिनिटसुद्धा दिलं नाही.

मुकाश अता म्हणजे आमच्या भागातले जुने गुरांचे डॉक्टर. अता म्हणजे बाबा, अपा म्हणजे आई; वडीलधाऱ्यांना आम्ही असंच म्हणतो. अर्ध्या जिल्ह्यातली शिंगरं त्यांच्या हातांवर जन्मली. आयुष्यभर घोड्यावर फिरले आणि बहात्तराव्या वर्षी चार घोड्या विकून एक वापरलेली चंदेरी गाडी घेतली, ती बायकोसाठी. तिचे, झूरा अपांचे, पाय सुजून खांबासारखे झालेले. आठवड्यातून दोनदा शहरात दवाखान्यात न्यायचं, आणि प्रवासी व्हॅनची उंच पायरी काही त्यांना चढवेना. एकदा त्या पायरीवरच बसून रडल्या म्हणे. दुसऱ्या दिवशी अता घोड्या बाजारात घेऊन गेले.

ऑगस्टात ते माझ्या खिडकीशी आले तेव्हा पाऊण वाजला होता. त्या दिवशी माझ्या नणंदेकडे मेजवानी होती. आमच्याकडे मांसाचं ताट आलं की हाडं मानाप्रमाणे वाटतात. कुणाला कुठलं हाड यावरून माणसं दहा-दहा वर्षं बोलत नाहीत. उशिरा येणाऱ्याला उरलेलं मिळतं. मागच्या खेपेला माझ्या मानाचं हाड माझी धाकटी जाऊ चघळत बसली होती. यंदा मी वेळेवर पोहोचणार होते, मग आभाळ कोसळो.

“ए अनारकुल, आमच्या गाडीला कागद दे,” अता म्हणाले. आणि कागद मिळायच्या आधीच त्यांनी खिडकीसमोर दोन्ही तळवे वर केले आणि गाडीला आशीर्वाद दिला: रस्ता मोकळा असो, चाक सरळ असो, आत बसेल तो हसत उतरो. मीही हात वर केले, तोंडावरून फिरवले.

नव्या गाडीसमोर अभद्र बोलू नये, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. आशीर्वाद झाल्यावर तर नाहीच. तुमची गाडी दरीत पडली तर, जळाली तर, असं वाचायला लागलं की गिऱ्हाईक थू थू करतं. या रिवाजाच्या आडोशाला मी नऊ वर्षं आरामात बसले होते.

मी लहान विम्याचा कागद काढला, बोट ठेवलं. “इथे सही करा. आणि इथे.”

दुसरी सही होती ‘मला सर्व अटी वाचून दाखवल्या’ याच्या खाली. अतांनी चष्मा चाचपला. घरी राहिला होता.

“बालाम, यात सगळं येतं ना?” त्यांनी विचारलं. बालाम म्हणजे बाळा. मी पन्नाशीची बाई, तरी त्यांची बालामच. “झूराला न्यायचं असतं गं. ही गाडी गेली तर दुसरी नाही व्हायची. मोठा कागद असेल तर मोठा दे.”

“येतं अता. सगळं येतं.”

हाड मिळालं, माझ्या मानाचं. चवही आठवते, काय करणार.

ऑक्टोबरात कुरणांवरून कळप खाली उतरले. अता अपांना दवाखान्यात सोडून पीठ आणायला गेले होते. येताना वळणावर कळपातलं एक शिंगरू आईच्या मागे धावत मधेच आलं. ज्या हातांवर शिंगरं जन्मली, ते हात दुसरं काय करणार? चाक वळलं. गाडी दगडी उतारावरून गडगडत ओढ्यात. अता मनगट मोडून बाहेर आले. गाडी बाहेर आली ती क्रेनने, घडी घातलेली. शिंगराला खरचटलंसुद्धा नाही.

ते माझ्या खिडकीशी आले, हात गळ्यात अडकवलेला. कागद पुढे केला. मी आता वाचला, पहिल्यांदाच, मोठ्याने.

“म्हणजे शिंगरू मेलं असतं तर?” त्यांनी विचारलं.

“तर कंपनीने त्याच्या मालकाला पैसे दिले असते.”

“आणि वाचलं म्हणून काहीच नाही.”

“तुमच्या गाडीचं नाही, अता.”

“चमत्कारिकच कागद आहे,” ते म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर मी परत दोन दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

त्यांच्या पुतण्याने कंपनीत तक्रार केली. आठवड्याभरात राजधानीतून मेदेत नावाचा तरणाबांड अधिकारी आला, पॉलिश केलेले बूट घालून. त्याने अतांनाही बोलावून घेतलं होतं. ते यायच्या आत मला बाजूला घेऊन म्हणाला, “एजे, सरळ सांगतो. अटी तुम्ही वाचून दाखवल्या असतील तर प्रकरण संपलं. गिऱ्हाइकाने मोठा विमा मागितला आणि तुम्ही भलतंच सांगून लहान दिला असेल, तर चूक आपली. मग गाडीची भरपाई कंपनी देते. आणि डबा दुसऱ्याला.”

एजे म्हणजे ताई. इतक्या गोड शब्दात मला आजवर कुणी घाबरवलं नव्हतं. मी चहा केला आणि त्याची वाटी काठोकाठ भरली. आमच्याकडे पाहुण्याला अर्धी वाटी देतात, म्हणजे तो पुन्हा मागेल, आणखी बसेल. काठोकाठ भरली की समजावं, उठा आता. पण हे राजधानीतलं पोर! “वा, भरपूर दिलात,” म्हणालं आणि मांडी ठोकून बसलं.

अता आले. मेदेतने विचारलं, “या बाईंनी तुम्हाला अटी वाचून दाखवल्या होत्या का?”

अतांनी माझ्याकडे बघितलं, अगदी थोडा वेळ.

“दाखवल्या,” ते म्हणाले. “शब्द न् शब्द. मीच पेंगलो. म्हातारा माणूस.”

“मोठा विमा मागितला होता?”

“कशाला मागू? मला काय कळतं त्यातलं.”

बहात्तर वर्षांत हा माणूस खोटं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आणि मी? मी तोंडात गुळणी धरून बसले. मेदेतने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी होकाराची मान हलवली. हलवली, हो. ‘नाही’ म्हणायला एवढीशी जीभ हलवायची होती, तीही जड झाली. मेदेतने लिहिलं, सही घेतली. जाताना म्हणाला, “काही आठवलं तर शुक्रवारपर्यंत फोन करा, मग फाईल बंद.”

सोमवार तसाच गेला. मंगळवारी बसथांब्यावर मी झूरा अपांना बघितलं. अता एका हाताने त्यांना व्हॅनच्या पायरीवर ढकलत होते, आतून दोघी बाया ओढत होत्या. ड्रायव्हर ओरडला, “आटपा आजी, लोकांना कामं आहेत!” मी खांबाआड झाले. खाई त्याला खवखवे. बुधवारी, गुरुवारी मला घास उतरेना.

शुक्रवारी सकाळी रोट्या आणि साखर घेऊन मी त्यांच्या घरी गेले. अपा पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी बसल्या जागेवरून चादर अंथरली, समोवरमधून, म्हणजे तोटीच्या बंबातून, चहा ओतला, अर्धी वाटी. मी प्यायले. पुन्हा अर्धी. मी प्यायले. इतका मान, आणि कुणाला!

“तू मनाला लावून घेऊ नकोस गं,” अपा म्हणाल्या. “यांनी सांगितलं मला. तू बिचारी वाचत होतीस आणि हे पेंगले. जन्मभर हेच केलंय यांनी. माझ्या भावाच्या लग्नातही पेंगले होते.”

अता खिडकीबाहेर बघत होते.

“अपा, मी वाचलं नाही,” मी म्हणाले. “एक ओळही नाही. अतांनी मोठा कागद मागितला होता. मी म्हटलं, यात सगळं येतं. मला जेवायला जायचं होतं.”

“अनारकुल,” अता म्हणाले, “मी आधी आशीर्वाद दिला. त्यानंतर तू अभद्र कसं बोलणार होतीस?”

“रिवाज नव्हता तो, अता. मला उशीर होत होता.”

“ते दिसलंच मला. कोटाची बटणं लावून बसली होतीस. म्हणून तर मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. म्हटलं, पोरीला कुठेतरी जायचंय. आणि नंतर त्या साहेबासमोर तुझी भाकरी कुठे काढून घेऊ? माझी गाडी तर गेलीच होती.”

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, थोडी सुटकाही वाटली. म्हातारा सगळं जाणून होता, माफ करून बसला होता. वाटलं, झालं, संपलं.

झूरा अपांनी नवऱ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. माझी वाटी ओढून घेतली, समोवरची तोटी उघडली आणि ओतत राहिल्या. चहा काठाला आला तरी ओतत राहिल्या, चादरीवर एक ओघळ गेला तेव्हा थांबल्या. दोन्ही हातांनी वाटी माझ्यासमोर ठेवली, पाहुण्यासमोर ठेवतात तशीच, नीट.

“पी,” त्या म्हणाल्या.

माफी अतांना देता येत होती. व्हॅनची पायरी अतांना चढायची नव्हती.

मी ती वाटी उचलली. जीभ पोळली, टाळू पोळला, तरी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. कोट घातला. अता “बस गं” म्हणाले. अपा म्हणाल्या नाहीत.

अंगणातच मेदेतला फोन लावला.

“बोला एजे.”

“लिहून घ्या,” मी म्हणाले. “घाई नाही मला. पहिल्यापासून सांगते.”