हरकत नाही ना?

मी आशालता. वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत आमची सुगंधा सोसायटी आहे, आणि तिची मी नऊ वर्षं सेक्रेटरी आहे. त्याआधी पोस्टात एकतीस वर्षं काउंटर सांभाळलं. माझ्याशी हुज्जत घालून जिंकलेला माणूस मला तरी आठवत नाही. पण एका कागदाने मला चीत केलं, आणि त्यावर सही माझीच होती.

झालं असं. आमच्या इमारतीमागे एक मोकळी जागा आहे. संध्याकाळी पोरं तिथे खेळतात, म्हातारे बाकावर बसून त्या पोरांवर ओरडतात, आणि पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी तळमजल्यात न शिरता आधी तिथे जिरतं. जागा अजून बिल्डरच्या नावावर. त्याला तिथे दुकानं काढायची होती. करारात मात्र स्पष्ट लिहिलेलं, की सोसायटीने सेक्रेटरीमार्फत हरकत घेतली तर बांधकाम करता येणार नाही. तीन वर्षांपूर्वी त्याचा मॅनेजर कमिटीच्या सभेला आला. पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघून गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमची हरकत नाही ना?"

मी म्हटलं, "आहे."

विषय संपला. चार दिवसांनी त्याने सभेचा वृत्तांत इंग्रजीत टाईप करून आणला. मी वाचला. इंग्रजी मला बोलता येत नसलं तरी वाचता येतं. पोस्टात मनीऑर्डरी काय डोळे मिटून घेत नव्हते. मी सही केली, वर सोसायटीचा शिक्काही मारला.

यंदा जानेवारीत मागे खड्डे खणायला माणसं आली. विचारलं, तर बिल्डरने तोच कागद पुढे केला. म्हणे, सेक्रेटरीची हरकत नव्हती, हे बघा लेखी. आमच्या वकिलाने, सुमेधने, धावपळ करून काम थांबवण्याचा तात्पुरता आदेश मिळवला. पण करारानुसार भांडण कोर्टात नाही, लवादापुढे चालायचं होतं. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून नेमलेले एक निवृत्त न्यायाधीश. कामकाज इंग्रजीत, आणि मुख्य साक्षीदार मी.

मी घरोघर सांगत सुटले की बिल्डरने कागद बदलला. लोक ऐकून घ्यायचे आणि हळूच विचारायचे, "पण ताई, सही तुमचीच आहे ना?" मी म्हणायचे, "हो." मग समोरचा विषय बदलायचा. नऊ वर्षांची सेक्रेटरीगिरी त्या एका 'हो'त बुडाली होती.

सुमेध म्हणाला, "काकू, दुभाषी मागून घेऊ."

"माझ्या तोंडचा शब्द दुसऱ्याच्या तोंडून कशाला? मी बोलेन इंग्रजीत."

त्याने डायरीत तारीख बघितली. "सात आठवडे आहेत," एवढंच म्हणाला.

घरी आमच्या ह्यांना सांगितलं. हे म्हणजे विलासराव, बँकेतून निवृत्त. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "या वयात तुला जमणार नाही ना आता?" ह्यांचे सगळे प्रश्न असेच. दरवर्षी बँकेतल्या मित्रांची सहल निघते, तेव्हाही तेच. "हिमाचलला तुला यायचं नाही ना? थंडी सोसत नाही तुला." "राजस्थानला तुला यायचं नाही ना? ऊन बाधतं." मी "हो" म्हणायचे. काळजीने विचारतात, असंच मला वाटायचं.

पापडीला चर्चच्या मागच्या गल्लीत रोझमेरी टीचर आपल्या ओटीवर इंग्रजीचा क्लास घेतात. शाळेतून निवृत्त झाल्या, पण हातातली पट्टी काही सुटलेली नाही. माझं प्रकरण ऐकल्यावर त्यांनी कपाटातून एक जुना धडा काढला: 'कोर्टाची रचना'. परदेशातला होता. चित्रात न्यायाधीशाच्या डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप आणि बाजूला ज्युरीची बारा माणसं. प्रत्येक वाक्याचा प्रश्न करायचा, मग उत्तर द्यायचं.

क्लासात माझ्या शेजारी भुईगावची हंसा बसायची. वाडीवाल्या घरातली, केळी आणि फुलं करते. सुनेच्या इंग्रजीला तोडीस तोड उत्तर द्यायचं, म्हणून क्लासला आलेली. जमिनीच्या वाटणीवरून तिची केस बारा वर्षं चालू होती.

"द जज डिसाइड्स द केस. याचा प्रश्न करा, आशालता."

"डझ द जज डिसाइड्स द केस?"

पट्टी टेबलावर आपटली. "एका म्यानात दोन तलवारी राहतात का? डझ आला, एस त्याच्याकडे गेला. आता क्रियापदाचा एस काढा."

"डझ द जज डिसाइड द केस?"

"करेक्ट. हंसा, उत्तर. व्हॉट डझ द जज गिव्ह?"

"डेट," हंसा म्हणाली.

"निकाल, हंसा. जजमेंट."

"ते पुस्तकात, टीचर. आमच्या जज्जाने बारा वर्सांत तारकेशिवाय कोनाला काय दिला नाय."

पाच आठवड्यांत 'हू', 'व्हॉट', 'डू', 'डिड' सगळे माझ्या हाताखाली आले. रिक्षात, भाजीवाल्याजवळ, लिफ्टमध्ये मी मनातल्या मनात प्रश्न करत सुटले. साक्षीदार कुठे उभा राहतो? शपथ कोण देतं? फिर्यादी काय मागतो? मला मजा येऊ लागली होती, हे कबूल करते.

मग आले नकारार्थी प्रश्न. आदल्या दिवशी मी क्लास बुडवला होता. टीचरनी विचारलं, "डिडन्ट यू कम यस्टरडे?"

"येस," मी म्हटलं.

"म्हणजे आला होतात?"

"नाही हो. येस, नाही आले."

टीचर खुर्चीत नीट बसल्या. "हे नीट ऐका. मराठीत 'हो' म्हणजे 'तू म्हणतोस ते बरोबर'. आपण विचारणाऱ्याला उत्तर देतो. इंग्रजीतला येस विचारणाऱ्याकडे बघतच नाही. गोष्ट घडली असेल तर येस, नसेल तर नो. समोरचा कसंही फिरवून विचारो."

मी वही मिटली. सभेतला मॅनेजर, पेढे, त्याचा गोड आवाज, सगळं एकदम समोर आलं. पिशवीतून वृत्तांताची प्रत काढून मी टीचरच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ते वाक्य दोनदा वाचलं आणि मला मराठीत सांगितलं, "लिहिलंय, 'नो ऑब्जेक्शन' आहे का, असं विचारल्यावर सेक्रेटरी 'येस' म्हणाल्या. म्हणजे 'नो ऑब्जेक्शन' आहे, तुम्ही मान्यता दिलीत, असाच अर्थ होतो."

कागद कोणी बदललाच नव्हता. माझ्या 'आहे'चं कोणीतरी 'येस' केलं होतं. लबाडीने की अडाणीपणाने, देव जाणे. मी सही करताना वाचलं होतं: नो ऑब्जेक्शन? येस. हरकत नाही ना? आहे. बरोबर आहे म्हणून खुशाल सही ठोकली. तीन महिने मी बिल्डरला खोटारडा म्हणत होते आणि माझ्याच हाताने मैदान देऊन बसले होते. मला स्वतःची इतकी लाज जन्मात वाटली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलंही नाही.

हंसाने पदराने माझं तोंड पुसलं. "रडता कशाला? ह्याच सांगा त्यांना. तिथं कोनाला मराठी येत नाय काय?"

सुनावणी व्हिडिओवर झाली. सोसायटीच्या ऑफिसात लॅपटॉपसमोर मी एकटी. कोणी पढवायला लपलेलं नाही, हे दाखवायला कॅमेरा चारी भिंतींवरून फिरवला, कपाटाचं दारसुद्धा उघडून दाखवलं. लवादसाहेबांनी माझं नाव असं स्वच्छ उच्चारलं की हा आपल्यातला माणूस आहे हे लगेच कळलं. बिल्डरचा वकील मुंबईचा, इस्त्री केल्यासारखं इंग्रजी बोलणारा.

"यू कॅन रीड इंग्लिश, कान्ट यू?"

"येस, आय कॅन."

"यू रेड धिस पेपर बिफोर साइनिंग."

मी थांबले. "सर, इज धिस अ क्वेश्चन? देअर इज नो डिड."

लवादसाहेबांना खोकला आला. वकिलाने ओठ आवळून पुन्हा विचारलं, "डिड यू रीड धिस पेपर?"

"येस, आय डिड."

मग त्याने चष्मा काढला आणि सावकाश म्हणाला, "यू डिड नॉट हॅव एनी ऑब्जेक्शन, डिड यू?"

माझ्या जिभेवर 'नो' येऊन बसला होता. नाही, तुमचं चुकतंय, माझी हरकत होती, असं मला म्हणायचं होतं. पण टीचरची पट्टी आठवली. विचारणाऱ्याकडे बघायचं नाही.

"येस, आय डिड. आय हॅड ऑब्जेक्शन."

तो हसला. त्याने कागद कॅमेऱ्यासमोर धरला. त्या दिवशीही तुम्ही येसच म्हणाला होतात, आणि इथे प्रश्न आहे, 'नो ऑब्जेक्शन' आहे का, असं त्याचं म्हणणं.

"नो, सर. आय डिड नॉट से येस. द मीटिंग वॉज इन मराठी." आवाज काउंटरवरचा निघाला. "प्लीज आस्क मी इन मराठी. सेम क्वेश्चन."

वकिलाने लवादसाहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "गो अहेड. विचारा."

मुंबईत जन्म काढलेला माणूस, एवढं मराठी त्याला येत होतं. अडखळत म्हणाला, "तुमची... हरकत नाही ना?"

"आहे!"

ऑफिसाबाहेर खिडकीला कान लावून उभ्या असलेल्या तळमजल्याच्या बायकांनासुद्धा तो ऐकू गेला. मग साहेबांनी वकिलाला शांतपणे विचारलं, "व्हॉट डिड द विटनेस से?"

"शी सेड... इट इज, सर."

"व्हॉट इज?"

वकिलाने पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला. "द ऑब्जेक्शन, सर."

"रेकॉर्ड इट," साहेब टायपिस्टला म्हणाले.

दोन महिन्यांनी निकाल आला. दुकानं होणार नाहीत. खणलेले खड्डे बिल्डरने स्वखर्चाने बुजवायचे. रोझमेरी टीचरना मी पेढे नेले. हंसाने दोन खाल्ले, दोन वाडीवर न्यायला घेतले आणि तिच्या जज्जाला हा क्लास लावता येईल का ते विचारलं.

त्या संध्याकाळी हे बाल्कनीत बसून खाली पोरांचं क्रिकेट बघत होते. मी चहा आणला. मोबाईलवर मित्रांचे मेसेज वाचता वाचता हे म्हणाले, "नोव्हेंबरात केरळ ठरतंय. तुला यायचं नाही ना? बोटीत तुला मळमळतं."

मी खुर्ची ओढून समोर बसले.

"आहे," मी म्हटलं.

ह्यांनी मोबाईल खाली ठेवला. ह्या माणसाला इंग्रजी फार येत नाही, पण मराठी चोख येतं.

"मग इतकी वर्षं कधी बोलली का नाहीस?"

"इतकी वर्षं तुम्ही विचारलं कुठे?"

खाली कोणीतरी षटकार मारला, पोरं ओरडली. ह्यांनी कप उचलला, पुन्हा ठेवला, आणि शाळकरी पोरासारखे एकेक शब्द जुळवत म्हणाले, "आशा, तू केरळला येशील का?"