डोळ्यांसाठीचं पाणी

भाऊरावांनी घाईने पिंपात डबा घातला आणि तो तळाला खणकन आपटला. त्यांनी वाकून आत पाहिलं. पिंप रिकामं होतं. बुडाशी ओल तेवढी उरली होती.

मागे गोदामाच्या दारात लता उकिडवी बसली होती. केसांवर, भुवयांवर, पोलक्यावर पांढरी भुकटी, आणि दोन्ही तळवे उजव्या डोळ्यावर घट्ट दाबलेले.

"मामा, पाणी," ती म्हणाली. "लई जळतंय हो."

"चोळू नको! डोळा उघडा ठेव. आणतो मी."

लता त्यांची सून. मुलगा दादू गिरणीच्या संपानंतर घरीच बसला, तेव्हा भाऊरावांनीच शब्द टाकून तिला मुलुंडच्या या कारखान्यात पॅकिंगला लावलं होतं. टेंपररी. कारखाना धुण्याच्या पावडरीचा. पावडरीला लागणारा सोडा पोत्यांनी यायचा आणि त्या गोदामाचे भाऊराव मुकादम होते. सोडा काही विषारी नव्हे. अंगावर सांडला तर झटकावा, हात धुवावेत, कामाला लागावं. त्याला दोनच गोष्टींपासून जपावं लागे. ओल लागली की पोत्याचा दगड व्हायचा आणि डोळ्यात गेला की डोळ्याचं काही खरं नसायचं. म्हणून पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, पाच थरांच्या वर नाहीत. आणि दाराशी हे पिंप. रोज सकाळी भाऊराव जुनं पाणी ओतून ताजं भरत. त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. चहावाल्याने एकदा पिंपात बुडवलेला पेला त्यांनी गेटाबाहेर भिरकावला होता.

आज सुरक्षा दिन होता. भोपाळला एवढी माणसं मेल्यावर सगळ्याच कारखान्यांना त्याची आठवण झाली होती. मालकांनी यंदा मांडव घालायला सांगितला, सरकारी साहेबांना पाहुणे म्हणून बोलावलं. मांडवाला जागा हवी, म्हणून पटांगणातली पोती सकाळी गोदामात कोंबली गेली, भिंतीला चिकटून, पार छतापर्यंत. भाऊराव नको नको म्हणत राहिले. ते आत पोत्यांशी झगडत असताना बाहेर कुणीतरी पटांगण धुऊन काढलं. नळ गेलेला, पाणी पिंपातच होतं. मग लता सांडलेला सोडा गोळा करायला आत वाकली आणि वरचं पोतं सरकून तिच्या तोंडापुढे फुटलं.

भाऊराव मांडवाकडे धावले. स्टेजवरच्या टेबलावर पाहुण्यांसाठी स्टीलचा जग झाकून ठेवला होता. तो त्यांनी उचलला तसा कुणीतरी ओरडला. भाऊरावांनी मागे पाहिलं नाही. लताची मान कलती धरून, पापण्या दोन बोटांनी फाकवून त्यांनी धार धरली. जग बघता बघता संपला. चहाच्या टेबलाखाली अर्धी बादली होती, तीही संपली. एवढ्याने भागत नाही, हे त्यांच्याइतकं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"दिसतंय का?"

"धुरकट दिसतंय."

तेवढ्यात मॅनेजर विद्याधर केळकर आले. त्यांच्या शर्टाला फुलांचा बिल्ला टाचलेला होता. त्यांनी लताकडे पाहिलं, मग रिकाम्या पिंपाकडे, मग गेटाकडे.

"भाऊराव, पाहुणे आले."

"साहेब, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"नेऊ ना. माझ्या गाडीतून नेऊ. तासाभराचा तर कार्यक्रम." केळकरांनी आवाज खाली आणला. "वर्षभर एकही अपघात नाही म्हणून आपल्याला बक्षीस आहे. आज नोंद केली तर सगळंच मुसळ केरात. आणि बक्षीस तुम्हीच घ्यायचंय, मालकांनी स्वतः तुमचं नाव सांगितलंय."

"मला नको बक्षीस."

"हिचं पर्मनंटचं तरी हवंय ना? पुढच्या महिन्यात करतो. माझा शब्द."

भाऊरावांनी ओले हात पँटला पुसले, पुन्हा पुसले. ते काही बोलण्याआधी लताच उठून उभी राहिली. पदर पुढे ओढून तिने तो डोळा झाकून घेतला.

"जावा तुम्ही, मामा. मी बसते मागं."

"लता, अगं..."

"ह्यांना काम नाही. तुमची रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली. जावा."

कार्यक्रम तासात आटोपला नाही. दीप लावला, हार झाले, पाहुणे बराच वेळ बोलले. भाऊरावांचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांना शाल दिली, पितळी ढाल दिली आणि हाताला धरून माईकपुढे उभं केलं.

"दोन शब्द बोला," मालक हसून म्हणाले.

भाऊरावांनी घसा साफ केला. मागच्या रांगेत लता बसली होती. झाकलेला डोळा, आणि उघडा डोळा थेट त्यांच्यावर.

"सोडा वाईट नाही," ते म्हणाले. "त्याला नीट ठेवलं तर तो काही करत नाही. पोती उंच रचायची नाहीत. आणि डोळ्यात गेला तर..." ते थांबले. "तर पाणी पाहिजे. भरपूर पाणी पाहिजे."

पुढे त्यांना बोलता येईना. म्हाताऱ्याला भरून आलं असं वाटून पाहुण्यांनीच टाळ्या सुरू केल्या. मग सगळा मांडव टाळ्या वाजवू लागला. पदर सुटू नये म्हणून लताने तो दातांत धरला आणि तीही टाळ्या वाजवू लागली.

केळकरांची गाडी पाहुण्यांना सोडायला गेली. गेटापाशी केळकर भाऊरावांना म्हणाले, "विम्याच्या दवाखान्यात जाऊ नका. तिथे अपघाताचे कागद मागतात. म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात न्या. आणि तुम्ही शहाणे आहात, काय सांगायचं ते मी सांगायला नको."

रिक्षात ढाल सीटवरून सारखी घसरत होती, म्हणून शेवटी भाऊरावांनी ती पायाशी ठेवली. हॉस्पिटलपाशी उतरल्यावर ती रिक्षातच राहिली. नंतर आठवण झाली तेव्हाही ते मागे वळले नाहीत.

डोळ्यांची डॉक्टर तरुण बाई होती. लताची पापणी उलटून, बॅटरी जवळ नेऊन तिने बराच वेळ पाहिलं. मग तिने बॅटरी विझवली.

"कधी गेला हा सोडा?"

"दुपारी," लता म्हणाली.

"दुपारी? आणि आत्ता येताय? बुबुळ पांढरं पडलंय. किती दिसेल, मला आज सांगता येणार नाही. धुतला होता का डोळा?"

"धुतला."

"नीट धुतला असता तर असा झाला नसता. कुठे झालं हे?"

भाऊराव एक पाऊल पुढे आले. त्यांनी तोंड उघडलं. स्टेजवर अडकलेलं सगळं आता एका दमात बाहेर येईल असं त्यांना वाटलं.

"घरी," लता म्हणाली. "धुण्याचा सोडा होता. डबा फळीवरून पडला."

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. तिने मान वर करून भाऊरावांकडे पाहिलं. अंगावरची नवी शाल पाहिली.

"सासरे का तुम्ही?"

"हो."

"मग घरातल्या मोठ्या माणसाला एवढं कळू नये? सोडा असा डोक्यावर उंच ठेवतात का? तो खाली ठेवायचा, कोरड्या जागी, झाकण लावून. आणि डोळ्यात गेला की पंधरा मिनिटं सतत पाणी मारायचं. घरात पाणी असतं ना भरलेलं?"

लताने त्यांच्याकडे मान वळवली नाही. ती समोरच्या भिंतीकडे पाहत बसून राहिली.

"मी काय विचारतेय, आजोबा?"

"असतं," भाऊराव म्हणाले.

"मग?"

त्यांनी शाल काढून हातात घेतली. तिची घडी करू लागले, पण ती जमेना.

"चुकलं, बाई," ते म्हणाले. "माझ्याकडूनच चुकलं."