स्क्रूवरची लाल रेघ

मातान्सास शहरातल्या टॅक्सीथांब्यावर सकाळी सातलाच पन्नास माणसं जमली होती. नेरेइदाच्या जुन्या अमेरिकी गाडीचं बॉनेट उघडं होतं, इंजिन गुदमरत, थरथरत होतं आणि एव्हेलिओबाबा कार्बुरेटरवर पांढरा रुमाल धरून चिरुटाचा धूर सोडत होता.

"शांत हो, लोखंडाच्या लेकरा," रुमालाखाली हात घालून बाबा पुटपुटला. "तुझा देव ओगून बोलतोय."

थरथर थांबली. इंजिन एका लयीत गुणगुणू लागलं. बायकांनी छातीवर क्रूस काढले.

बाबा नेरेइदाच्या सासूकडे वळला. "तीनदा शांत केलं, सोराइदा. तरी दुपारी चौकात बंद पडतेच ना? गाडीला बाईचा हात सोसत नाही. माझ्या पुतण्याला विकून टाक."

नवरा गेल्यापासून सहा वर्षं नेरेइदाने याच गाडीवर घर चालवलं होतं.

"विकू या गं पोरी," सासू हळूच म्हणाली. "देवाचा कोप नको."

नेरेइदा मेरीमातेपुढे मेणबत्ती लावल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसे. "आई, ज्या हातांनी मी रोज मेणबत्ती लावते, त्यांचा देवाला राग येईल?" मग ती बाबाला म्हणाली, "रुमाल उचला."

"देवाचं झाकण आहे ते."

"मग आम्ही बघून घेतो, नंतर देव पुन्हा झाकेल."

लोक हसले. तिने रुमाल उचलला. कार्बुरेटरच्या बुडाशी असलेल्या स्क्रूवर लाल रेघ होती आणि तिचा उरलेला तुकडा बाजूच्या धातूवर, भलत्याच दिशेला.

"पहाटे नेलपॉलिशने मी स्क्रूवरून धातूपर्यंत ही एकच सरळ रेघ ओढली होती. अर्धा फेरा फिरलाय स्क्रू."

"धुराने फिरला असेल," बाबा म्हणाला.

"चिरुटाला बोटं फुटली वाटतं," गर्दीतली एक पेरूवाली म्हणाली.

"अंगठी दाखवा, बाबा."

बाबाने मूठ आवळली. पेरूवालीने ती उघडली. अंगठीची कड घासून पेचकसाच्या टोकासारखी चपटी केलेली होती आणि तिला लाल रंग लागला होता.

"आता कुणी जायचं नाही," नेरेइदा म्हणाली. "कॉफी घ्या. मी गाडीला हात लावणार नाही."

पाव तासाने इंजिन तापलं, काळा धूर ओकू लागलं आणि बंद पडलं.

"बघा, आत बाई बसलेलीही नाही. आपल्या गाड्यांचे चोक कधीच मेलेत, म्हणून गार असताना सगळ्याच थरथरतात. गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, ते चोकमुळे मिळतं. बाबा स्क्रू उघडतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. तापल्यावर तेच पेट्रोल जड होतं. तिन्ही वेळा दुपारी चौकात मी हा स्क्रू आवळला, तेव्हाच शंका आली."

तिने गाडी चालू केली. स्क्रू हळूहळू आवळला; इंजिन अडखळलं. मग जरासा मागे घेतला. लय जमली, धूर विरला. रुमाल नाही, मंत्र नाही.

सासू बाबासमोर जाऊन उभी राहिली. "माझ्या सुनेच्या पोटावर पाय देत होतास होय रे?"

बाबा चिरूट टाकून गर्दीतून वाट काढू लागला.

"देवाला हात जोडा, मीही जोडते," नेरेइदा लोकांना म्हणाली. "पण देवाच्या नावाने कुणी काही झाकलं, तर आधी ते उचलून बघा. खरा देव त्याने रागावणार नाही."

सासूने स्वतःच पुढचं दार उघडलं, आत बसली आणि म्हणाली, "चल पोरी, पहिली फेरी चुकतेय."